सूरसागरात टँक कुठाय?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जुन्या कागदांचा एक गठ्ठा आहे. त्यात आजोबांचे एक इंग्रजी पत्र आहे आणि पत्त्यात लिहिलेय ‘सूरसागर टँकजवळ’. भाच्याने ते वाचले आणि संध्याकाळी फिरायला गेल्यावर सूरसागरच्या कठड्याला रेलून विचारले, "मामा, इथला टँक कुठे गेला?" समोर पाणी, मधोमध महादेव उभे. म्हटले, "अरे, हाच टँक." मी थट्टा करतोय असेच त्याला वाटले.

इंग्लंडातल्या माणसालाही तसेच वाटले असते. त्याच्या लेखी टँक म्हणजे पेट्रोलची नाहीतर माशांची बंद पेटी. भल्या मोठ्या उघड्या तलावाला टँक म्हणायचे हे आपल्याकडचे इंग्रजी. पण त्याला चुकीचे कसे म्हणणार? शब्दच मुळात इकडचा. गुजरातीत टांकुं, मराठीत टाके. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ज्याने पाहिली आहेत त्याला वेगळे सांगायला नको. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेत वखार घालून बसलेल्या इंग्रजांच्या कानावर हा शब्द पडत होता. पोर्तुगीजांचा ‘टांके’ हा शब्दही किनाऱ्यावर रुळलेला होता, त्याचा अर्थही तोच. दोहोंनी मिळून इंग्रजी टँक घडला असे कोशकार मानतात. इंग्रजीत शिरलेल्या इकडच्या शब्दांच्या, १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही तो आहे. (त्या कोशाचे नावही गोऱ्या कानांनी ऐकलेले मोहरममधले ‘या हसन, या हुसेन’!)

पुढे दोन वाटा फुटल्या. इथे साहेबाने तळे, पुष्करणी, बांध घातलेला जलाशय, सगळ्यालाच टँक म्हटले. मुंबईतला गोवालिया टँक, हैदराबादचा टँक बंड ही नावे त्यातलीच. तिकडे विलायतेत मात्र अर्थ आक्रसत जाऊन पाणी साठवायचे भांडे एवढाच उरला. अमेरिकेत पोहण्याच्या हौदाला टँक म्हणत, म्हणून पोहण्याचा पोशाख ‘टँक सूट’ झाला आणि त्यावरून आला बिनबाह्यांचा ‘टँक टॉप’. अलकापुरीतल्या दुकानात तो हँगरला लटकलेला दिसला की मला शिवनेरी आठवते, त्याला इलाज नाही.

आणि रणगाडा? १९१५ मध्ये इंग्लंडात लिंकन इथल्या कारखान्यात एक पोलादी धूड गुपचूप तयार होत होते. बोभाटा होऊ नये म्हणून ती मेसोपोटेमियासाठी पाणी वाहून नेणारी टाकी आहे असे सांगितले गेले. ‘वॉटर कॅरियर’ हे नाव आधी सुचले होते. त्याची आद्याक्षरे डब्ल्यू. सी., म्हणजे संडास, होतात हे लक्षात आल्यावर टँकवर शिक्कामोर्तब झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ते धूड चिखलातून पुढे सरकले आणि टोपणनावच कायम झाले. भाच्याला रणगाडा आधी आठवतो आणि पाणी नंतर, यात त्याचा दोष नाही.

बडोद्यात या शब्दांच्या घोळाची जाण फार जुनी. दरबारचे काम मराठी, गुजराती आणि इंग्रजीत चाले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली कारभारातल्या इंग्रजी शब्दांना आठ भाषांचा मेळ घालून प्रतिशब्द देणारा ‘शासन-शब्दकल्पतरु’ निघाला. कचेरीतल्या शब्दांची अशी सोय झाली, पण रस्त्यावरच्या बोलण्याला कोण विचारतो! ‘आउट ऑफ स्टेशन’ घ्या. स्टेशन म्हणजे साहेबाच्या नेमणुकीचे ठाणे. ते सोडून गेला की तो आउट ऑफ स्टेशन. ठाणी गेली, साहेब गेले. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी मात्र अजून दर दिवाळीला आउट ऑफ स्टेशन असतात.

टँक मात्र फिरून घरी आला. सूरसागरला आता कोणी टँक म्हणत नाही, सरळ तलाव म्हणतात. टँक चढलाय गच्चीवर, काळा, प्लॅस्टिकचा. कागदावर ‘ओव्हरहेड टँक’, आणि रोज सकाळी सातला शेजारच्या बेन जिन्यातून ओरडतात, "मोटर बंध करो, टांकी छलकाय छे!"