कोकणातलं घर आणि आंघोळीचं ऊन पाणी: थोडी पार्श्वभूमी

जुनं घर दुरुस्तीला काढलं की फरशी, कौलं की स्लॅब, खिडक्या यावर महिनाभर चर्चा चालते, आणि गरम पाण्याचं मात्र प्लंबर सांगेल ते. आपल्याकडे खोली गरम करायचा प्रश्नच नाही, बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी सोडली तर. प्रश्न फक्त आंघोळीच्या पाण्याचा, पण तो नीट बघितला तर आधी न्हाणी कुठे आहे याचा प्रश्न आहे.

फार जुनं थोडक्यात सांगतो. उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूर इथे जमिनीतनंच ऊन पाणी येतं, पण ते त्या त्या गावापुरतं. बाकी सगळीकडे न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, चुलाणावर तांब्याचा हंडा, खाली झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या, घंगाळात पाणी काढायचं, विसण घालायचं आणि वाहून गेलेलं पाणी अळवाला नाहीतर केळीला. मग बंब आला. मधल्या नळकांड्यात विस्तव आणि भोवती पाणी, त्यामुळे तेवढ्याच सरपणात पाणी लवकर तापायचं. सरपण परसातलंच, त्याला पैसे पडत नव्हते.

खरा बदल झाला न्हाणी घरात आली तेव्हा. मुंबईचा पैसा आला, स्लॅब आला, अटॅच बाथरूम आलं आणि धुराला जायला वाटच राहिली नाही. मग आधी बादलीतला रॉड, नंतर विजेचा गिझर. यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. व्होल्टेज पडलं की गिझरची ताकद वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर २ किलोवॅटचा गिझर जेमतेम सव्वा किलोवॅटचं काम करतो. वाडीच्या शेवटच्या खांबावरच्या घरात संध्याकाळी हेच व्हायचं, म्हणून गिझर असूनही मागे बंब पेटत राहिला. मागासलेपणा वगैरे काही नव्हता त्यात. गॅस गिझर याच काळात आला, स्वस्त आणि झटपट, पण बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि पावसाची झड आत येते म्हणून आपण खिडकी लावूनच घेतो. तो बाहेरच्या भिंतीवरच हवा, यात तडजोड नको.

आता सोलर. यावर जास्त लिहितो कारण इथेच सगळ्यात जास्त वाद आहे. २०१० ला राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, पाणी तापवायच्या सोलरला ३० टक्के सबसिडी मिळायला लागली आणि २०१४ मध्ये ती बंद झाली. ज्यात पाणी तापतं त्या सोलरच्या काचेच्या नळ्या तोवर स्वस्त झाल्या होत्या, मग सबसिडी कशाला, असं म्हणणारे अगदीच चूक नव्हते. पण माझ्या मते सबसिडी असताना आणि गेल्यावरही किनारपट्टीचा वेगळा विचार झालाच नाही, आणि त्याची किंमत इथल्या लोकांनी मोजली. पुण्या-सोलापूरला जे चालतं तेच इथे बसवलं. इथे चार महिने आभाळ भरलेलं. गणपतीत चाकरमानी येतात, घरात पंधरा-वीस माणसं, तेव्हा सोलर कोमट, आणि मे महिन्यात कोणाला ऊन पाणी नको तेव्हा टाकी उकळतेय. बाकी वर्ष घर बंद. बंद घरात नळ्या कोरड्या पडून तापतात, आणि कोणीतरी येऊन भर दुपारी गार पाणी सोडलं की काच तडकते. पाण्याच्या टाकीपेक्षा सोलर खाली बसवावा लागतो, उतरत्या कौलांवर ती उंची मिळत नाही, मग लोखंडी अँगलचा स्टँड करायचा आणि खाऱ्या वाऱ्यात तो दोन-तीन पावसाळ्यांत गंजून पापुद्रे सुटतात. नळ्यांऐवजी तांब्याच्या पाइपाचं सपाट पॅनल घेतलं असतं तर निदान काच तडकायचा त्रास कमी झाला असता, पण ते महाग, म्हणून दुकानदार दाखवतच नव्हते.

त्यानंतरचा काळ वादळांचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं, दापोली-मंडणगडकडे सुद्धा खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. तेव्हा ज्यांच्या मागच्या पडवीत बंब होता त्यांच्याकडे शेजारची माणसं बादल्या घेऊन येत होती.

२०२४ पासून छपरावरच्या विजेच्या पॅनलला ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, त्यामुळे आता छपराची जागा पाणी तापवायला द्यायची की वीज करायला हा नवा हिशोब सुरू झालाय. २० लिटरची बादली २५ वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो, म्हणजे वीज परवडते. पण बॅटरी नसलेलं पॅनल लाइन गेली की स्वतःच बंद पडतं, ऊन असलं तरी, हे विकणारा क्वचित सांगतो. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाला आपली उबदार हवा मानवते, एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता देतो, फक्त त्याच्या बाहेरच्या जाळीला खारं वारं सोसत नाही.

म्हणून भिंती फोडलेल्या असतानाच गरम पाण्याची सीपीव्हीसी (ऊन पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची) लाइन छपरापर्यंत नेऊन ठेवावी, गिझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढावा, आणि मागची न्हाणी पाडू नये.