कर्नल अपडेटनंतर गेमचा आवाज जाणे

लिनक्सवर कर्नलची (प्रणालीचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) नवी आवृत्ती बसल्यावर गेमचा आवाज बंद होणे, फाटका येणे किंवा स्पीकरऐवजी एचडीएमआयकडे वळणे, असा हा दोष. बेळगाव हे १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय. इथली अभियांत्रिकीची मुले अभ्यासासाठी लिनक्स टाकतात आणि त्याच लॅपटॉपवर गेमही खेळतात, म्हणून सीमाभागातील मराठी घरांत हा दोष अनोळखी नाही. आवाज गेला की ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला लगेच मिळतो. तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि त्यात मुलांचे प्रोजेक्ट हकनाक जातात.

आवाजाची वाट अशी : गेम आपला आवाज पाइपवायर या ध्वनी-सेवेकडे (जुन्या संगणकांत पल्सऑडिओकडे) देतो, तिथे सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र होतात आणि पुढे कर्नलमधला आल्सा हा ध्वनीचा भाग ते साउंड कार्डाकडे नेतो. आल्सा २००३ साली आलेल्या २.६ आवृत्तीपासून कर्नलचा भाग आहे. त्यामुळे कर्नल बदलला की कार्डाचा ड्रायव्हरही (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बदलतो. गेमला हात लावण्याआधी दोष या वाटेवर नेमका कुठे आहे ते शोधावे.

सर्वांत विश्वासार्ह कसोटी म्हणजे जुना कर्नल. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या निवड-मेनूतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीची आवृत्ती निवडावी. उबुंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांत) ती सहसा शिल्लक असते. जुन्या कर्नलवर आवाज आला तर गेम निर्दोष ठरतो, दोष नव्या कर्नलच्या बाजूचा. तरीही आवाज आला नाही तर कारण वेगळे : त्याच अपडेटमध्ये बदललेले दुसरे पॅकेज किंवा एखादी सेटिंग.

नव्या कर्नलवर सेटिंग्जमध्ये ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसत असेल तर कार्ड सापडलेलेच नाही. उबुंटूत कर्नलचे ‘मॉड्यूल्स एक्स्ट्रा’ पॅकेज राहून गेले की असे होते, कारण ध्वनीचे ड्रायव्हर त्यात असतात. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ (ध्वनीच्या चिपमध्ये चालणारे सॉफ्टवेअर) लागते, तेही बसलेले आहे का पाहावे. अपडेट अर्धवट राहणे हे आणखी एक कारण. खानापूरकडे पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललेले डाउनलोड मधेच तुटते. बॅटरी भरलेली नसेल तर त्या दिवसांत कर्नलला हात न लावणे शहाणपणाचे. अर्धे राहिलेच तर पॅकेज व्यवस्थापकाकडून आधी राहिलेली मांडणी पूर्ण करून घ्यावी, मग रीस्टार्ट करावे.

कार्ड दिसते पण आवाज नाही, तेव्हा टर्मिनलमध्ये आल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडावा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसले तर ती पट्टी म्यूट आहे, ‘एम’ दाबल्यावर उघडते. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये गेम चालू असतानाच ‘प्लेबॅक’ टॅब पाहावा, तिथे गेमचा आवाज एचडीएमआयकडे गेलेला आढळतो. ब्राउझरमध्ये गाणी वाजतात आणि एखादा जुना ३२-बिट गेमच मुका आहे, असे असेल तर ३२-बिट ध्वनी लायब्ररी तपासाव्यात. आवाज तडतडत असेल, विशेषतः थोड्या शांततेनंतर, तर ड्रायव्हरची वीजबचत बंद करून पाहावी.

यांपैकी काहीच लागू पडले नाही तर दोष कर्नलच्या नव्या आवृत्तीतच असू शकतो. तो दुरुस्त होईपर्यंत जुन्या कर्नलवर काम चालवता येते, पण कायम नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या कर्नलमधूनच येतात. आल्सा-इन्फो या स्क्रिप्टने कार्डाची माहिती गोळा होते. ती, आवाज चालणाऱ्या शेवटच्या आणि बंद पडलेल्या पहिल्या कर्नलच्या क्रमांकांसह आपल्या वितरणाकडे पाठवावी. या दोन क्रमांकांमुळे बिघाड आणणारा बदल शोधण्याचे क्षेत्र खूपच लहान होते.