भूल दिल्यावर डॉक्टर कुठला आकडा बघत असतात?

कोविडनंतर आपल्याकडे नौपाड्यापासून नेरुळपर्यंत बहुतेक घरांत एक ऑक्सिमीटर येऊन पडलाय, आणि त्यामुळे झालंय काय की कुणाचं ऑपरेशन असलं की ओटीबाहेर बसलेले नातेवाईक एकच विचारतात, ऑक्सिजन किती आहे? आतून कुणी ९९ सांगितलं की सगळे निवांत. मी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात मॉनिटर, व्हेंटिलेटर, भूल मशीन यांची सर्व्हिस करतो, त्यामुळे ओटीत येणंजाणं असतं, आणि भूलवाले डॉक्टर त्या ९९ कडे बघतात हे खरं, पण त्यांचं खरं लक्ष असतं त्याच स्क्रीनवरच्या दुसऱ्याच एका रेघेवर. ती पेशंटच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ. ओटीत सगळे तिला नुसतं कॅप्नो म्हणतात.

कारण असं आहे की बोटावरचा आकडा उशिरा बोलतो. भूल देण्याआधी पेशंटला तीनेक मिनिटं मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे फुफ्फुसात साठा होतो. मग औषधाने श्वास थांबला तरी धडधाकट माणसाचा आकडा काही मिनिटं, कधी सहा-आठ मिनिटं सुद्धा ९० च्या वर राहू शकतो. (लहान मुलं, गरोदर बायका, जाडी माणसं यांच्यात इतका वेळ अजिबात मिळत नाही.) आता समजा श्वास द्यायला घशातून घालतात ती नळी श्वासनलिकेऐवजी चुकून अन्ननलिकेत गेली, तर बोटावर सगळं छानच दिसणार आणि आकडा पडायला लागेल तेव्हा धावपळ सुरू. कॅप्नोवर मात्र चार-सहा श्वासांतच कळतं, कारण पोटातून कार्बन डायऑक्साइड येत राहत नाही. सुरुवातीला एखाददोन छोटे उंचवटे येऊ शकतात, पोटात गिळली गेलेली हवा असते म्हणून, पण मग रेघ सपाट.

हे मोजायचं तंत्र जुनं आहे. जॉन टिंडल नावाच्या आयरिश शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कुठला वायू इन्फ्रारेड किरणं किती शोषतो हे मोजायला घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच पद्धतीने माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पण मोजून झाला. आजचं मशीन तेच करतं. साधारण ४.२६ मायक्रॉनचा किरण नमुन्यातून पाठवायचा, जितका कमी पलीकडे पोचला तितका वायू जास्त. ऑक्सिजनला हा उपाय चालत नाही, तो इन्फ्रारेड शोषतच नाही, म्हणून त्याला वेगळा सेन्सर लागतो. एक प्रकार बॅटरीसारखा, वापरता वापरता संपणारा, आणि दुसरा चुंबकावर चालणारा, कारण ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो.

आपण बाहेरची हवा घेतो तिच्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, सोडतो तिच्यात पाचेक टक्के. ठाणे समुद्रसपाटीलाच असल्यामुळे हिशोब सोपा, श्वासाच्या शेवटी ३५ ते ४५ मिलिमीटर मर्क्युरी आलं की नॉर्मल. सर्व्हिस झाली की मी स्वतःच सॅम्पलिंग लाइनच्या, म्हणजे श्वासाचा नमुना मशीनकडे नेणाऱ्या बारीक नळीच्या टोकाशी दोन-तीन श्वास सोडतो, ३६-३८ दिसलं आणि रेघ शून्यावर परत आली की निम्मं काम झालं.

पण खरी मजा आकड्यात नाही, आकारात आहे. चांगली रेघ म्हणजे चौकोनी डबा, झपकन चढली, वर सपाट चालली, झपकन शून्यावर. दमेकऱ्याच्या नळ्या आवळल्या की वरची सपाटी जाते आणि रेघ तिरकी चढते, डॉक्टर तिला शार्कचा पर म्हणतात. खालची रेघ शून्याला टेकत नसेल तर पेशंट स्वतःचाच सोडलेला वायू परत घेतोय, म्हणजे बहुतेक सोडा लाइम संपलाय. सोडा लाइम म्हणजे मशीनच्या डब्यातले पांढरे दाणे, ते कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि संपत आले की जांभळे होतात. गंमत म्हणजे मशीन रात्रभर पडून राहिलं की तो जांभळा रंग परत फिका होऊ शकतो आणि सकाळी डबा ताजा वाटतो, म्हणून रंगापेक्षा रेघेवर भरवसा ठेवायचा.

दुर्बिणीने पित्ताशय काढताना तर पोटातच कार्बन डायऑक्साइड भरतात, तो रक्तात शिरतो आणि आकडा चढतो, मग डॉक्टर व्हेंटिलेटरचा वेग थोडा वाढवतात. हे ठरलेलंच असतं. पण काही कारण नसताना आकडा चढतच चालला, व्हेंटिलेटर वाढवूनही ऐकत नाही, तर मॅलिग्नंट हायपरथर्मिया आठवावा लागतो. भूलीच्या काही औषधांनी फार थोड्या लोकांचे स्नायू पेटून उठतात, आणि अंग तापायच्या आधी बऱ्याचदा ही रेघच सांगते. उलट आकडा एकदम पडला तर फुफ्फुसात गुठळी, नाहीतर हृदयच थांबतंय असं काही असू शकतं. छाती दाबताना तो १० च्या खालीच राहिला तर लक्षण वाईट, अचानक वर उडी मारली तर हृदय परत चालू झालं असण्याची शक्यता.

भूलीचा वायू पण हेच मशीन मोजतं, सेवोफ्लुरेन असेल तर मोठ्या माणसाला साधारण २ टक्के, डेसफ्लुरेन असेल तर ६ च्या आसपास. डेसफ्लुरेन तर २३ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्याकडे एसी नसेल तर उघड्यावर उकळायलाच लागेल, म्हणून त्याचा व्हेपोरायझर, म्हणजे औषधाची वाफ करून देणारा डबा, वेगळा, विजेवर गरम ठेवलेला असतो.

आमच्या कामात सगळ्यात जास्त कॉल येतात ते पाण्यामुळे. श्वास दमट असतो, मशीन मिनिटाला दीडदोनशे मिली हवा बारीक नळीतून ओढतं, त्यातलं पाणी छोट्या वॉटर ट्रॅपमध्ये जमतं आणि तो भरला की रेघ गायब, अलार्म, सिस्टर घाबरलेल्या. आयसीयूत पेशंट दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर असतो, हवेला मुद्दाम ओलावा दिलेला असतो, तिथे तर हे जास्तच. म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी सेन्सर थेट तोंडाच्या नळीवरच बसवतात, तो गरम केलेला असतो म्हणून वाफ धरत नाही, फक्त जड असतो आणि नळी खाली ओढतो. अजून एक, आजारी फुफ्फुसात श्वासातला आकडा आणि रक्तातला आकडा यात मोठा फरक पडतो. निरोगी माणसात तो २ ते ५ चा असतो, न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये कितीही असू शकतो, त्यामुळे आयसीयूत रक्तातले वायू मोजणारी एबीजी तपासणी सुटत नाही.

नातेवाईकांनी विचारावंच असं ठिकाण म्हणजे ओटीबाहेरची झोप. एंडोस्कोपी, एमआरआय, असल्या कामाला झोपेचं इंजेक्शन देतात आणि नाकाला ऑक्सिजन लावतात, आणि तिथे बोटावर ९९ असताना श्वास मंद पडलेला किंवा थांबलेला असू शकतो. नाकात लावायची कॅप्नोची नळी मिळते, ऑक्सिजन देता देता तीच श्वास मोजते. आधी डॉक्टरांना सरळ विचारा, गाढ झोपवणार असाल तर कॅप्नो लावणार का.