आधी क्षमा, मग पाय

आजच्या इस्राएलमधल्या गालील समुद्राच्या वायव्य काठावर कफर्णहूम नावाचं गाव होतं. समुद्र म्हणायचं इतकंच, खरं तर ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे आणि तेही समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली. उत्खननात इथली घरं सापडली आहेत. भिंती काळ्या बसाल्टच्या ओबडधोबड दगडांच्या, खोल्या लहान. वर लाकडी वासे, त्यांवर फांद्या आणि त्यावर माती-गवताचा लिंपा. असं छप्पर दर पावसाळ्यात डागडुजी मागतं, आणि चार धट्टेकट्टे गडी मनावर घेतील तर ते उकरायला फार वेळ लागत नाही.

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यांतल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच घडतं. येशू घरात बोलतो आहे आणि दारात मुंगी शिरायला जागा नाही. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दी बघून थेट छपरावर चढतात, ते उकरतात आणि माणसाला बाजेसकट खाली सोडतात. (घरमालकाच्या छपराचं पुढे काय झालं, हे कुठलंच शुभवर्तमान सांगत नाही.) आता येशू त्याला बरं करणार, अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. पण तो म्हणतो, “मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.”

पायांबद्दल चकार शब्द नाही. तिथे बसलेल्या ज्यू धर्मशास्त्र्यांचा आक्षेप वेगळाच, की क्षमा करण्याचा अधिकार देवाचा, हा कोण लागून गेला? त्यावर येशू विचारतो, पापांची क्षमा झाली म्हणणं सोपं, की ऊठ आणि चाल म्हणणं सोपं? प्रश्न बिनतोड आहे. क्षमा झाली की नाही हे कुणाला दिसत नाही, पण माणूस चालला की नाही हे सगळ्या घराला दिसतं. मग तो माणसाला बाज उचलून घरी जायला सांगतो आणि माणूस जातो.

ही गोष्ट वाचून आजच्या शिकलेल्या वाचकाला एक उत्तर लगेच सुचतं : त्या माणसाला कसली तरी अपराधाची बोच असणार, त्या बोचेनेच पाय गेले असणार, क्षमा मिळाली आणि पाय परत आले. या उत्तरामागे फ्रॉइडच्या काळापासूनची परंपरा आहे आणि त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. मेंदू, मज्जारज्जू, नसा शाबूत असूनही हात-पाय न हलणं, हा खरा आजार आहे. त्याला आज ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर’ म्हणतात आणि न्यूरॉलॉजिस्टना तो वरचेवर भेटतो.

तो ओळखण्याची एक साधी तपासणी चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरने १९०८ मध्ये लिहून ठेवली. रुग्णाला उताणं झोपवायचं, लुळ्या पायाच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा आणि टाच खाली दाबायला सांगायचं. जोर लागत नाही. मग दुसरा, चांगला पाय वर उचलायला सांगायचा आणि त्यावर हाताने दाब द्यायचा. एक पाय असा जोर लावून उचलताना शरीर दुसरी टाच आपोआप खाली रेटतं. आणि मघाशी हलायला तयार नसलेली ती टाच डॉक्टरच्या तळहातात चांगली रुतते. रुग्ण नाटक करत नसतो. लक्ष देऊन हलवायला गेलं की पाय ऐकत नाही, लक्ष दुसरीकडे गेलं की ऐकतो.

तरीही कफर्णहूमच्या माणसावर हे निदान चिकटवणं मला ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. तो किती दिवस अंथरुणाला खिळला होता, त्याचे स्नायू झडले होते का, सांधे आखडले होते का, यातलं काहीही मार्क लिहीत नाही. बारा ओळींवरून दोन हजार वर्षांपलीकडच्या रुग्णाची हूवर-तपासणी होत नाही. शिवाय वैद्यकानेच आपली भूमिका बदलली आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या आजारासाठी ‘मनावरचा ताण सापडलाच पाहिजे’ ही अट काढून टाकली गेली, कारण कित्येक रुग्णांत असा ताण सापडतच नाही.

एकदाच घडलेला चमत्कार प्रयोगशाळेत आणता येत नाही. क्षमा मात्र आणता येते. मिशिगनमधल्या होप कॉलेजच्या शार्लट विटव्लीट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ७१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्याला खरोखर दुखावलेल्या माणसाची आठवण काढायची, कधी मनात अढी धरून, कधी क्षमेच्या भावनेने. अढी धरलेली असताना हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त वाढले, तळहाताला घाम सुटला, भुवयांचा स्नायू आवळला गेला. पुढच्या प्रयोगात त्यांनी बाजू उलटी केली, म्हणजे आपणच कुणाचा अपराध केला आहे आणि त्याने क्षमा केली अशी कल्पना करायची. मन हलकं झालं, कपाळावरची आठी सैल झाली, पण ठोक्यांत वगैरे फारसा फरक पडला नाही. आणखी एका अभ्यासात कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन इथल्या ४,५९८ लोकांना क्षमेचा स्वाध्याय घरी करायला दिला, तेव्हा नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचं दिसलं. क्षमेचा परिणाम मोजता येतो, एवढं यातून ठरतं. लुळे पाय चालू लागतात, हे कुठल्याच प्रयोगात दिसलेलं नाही.

आजार आणि पाप यांची गाठ मारण्यातला धोका जुनाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. पण त्याच योहानाच्या पाचव्या अध्यायात, अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला बरं केल्यावर, ‘यापुढे पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल’ असं बजावलेलंही आहे. दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकात आहेत आणि प्रवचनकार सोयीनुसार एक निवडतात. आपल्याकडे कुष्ठरोग म्हणजे गेल्या जन्मीचं पाप, ही समजूत डॉक्टर हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत त्याचा जंतू शोधल्यावरही कित्येक पिढ्या टिकली.

‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न आजचा लुळा पडलेला माणूसही विचारतो. रॉनी बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अपघातात मज्जारज्जू दुखावलेल्या २९ जणांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारला होता, आणि यात देवाचा काही हेतू असणार, असंही काहींचं उत्तर होतं. निष्कर्ष मात्र अनपेक्षित निघाला. दुसऱ्याला दोष देणारे खचलेले होते, स्वतःला दोष देणारे तुलनेने सावरलेले. दोन वर्षांनी बुलमन यांनी या कोड्यावर एक भेद मांडला : ‘मी त्या दिवशी चुकीचं वागलो’ असा दोष वेगळा आणि ‘मी माणूसच वाईट’ असा दोष वेगळा. पहिल्यात पुढच्या वेळी वेगळं वागायला वाव राहतो, दुसरा नैराश्याकडे नेतो.