शाळेविना वाढणाऱ्या मुलांचा दिवस: अनस्कूलिंगची पार्श्वभूमी

लहान मुलांना शाळेत न घालता, आणि घरीही शाळा न भरवता वाढवणाऱ्या, म्हणजेच अनस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबाचा दिवस बाहेरच्या माणसाला रिकामा वाटतो. वेळापत्रक नाही, इयत्ता नाही, पाठ्यपुस्तक नाही. सहा वर्षांचं मूल सकाळभर पाणी आणि नळीशी खेळत बसतं, मध्येच ‘पाणी आपणहून वर का चढत नाही?’ असं विचारतं आणि दुपारी कुणी वाचून दाखवत असेल तर ऐकता ऐकता चित्रं काढतं. या दिवसातल्या काही सवयी मात्र जगभरच्या अशा घरांत सारख्या दिसतात. मुलाचा प्रश्न आला की हातातलं काम बाजूला ठेवायचं. विचारलं तेवढंच सांगायचं, त्याचा धडा करायचा नाही. मुलानं काय केलं याची वही ठेवायची. या सवयी कुठून आल्या हे पाहायला गेलं की एक शिक्षक, हजारो पत्रं आणि बरीच कोर्टकचेरी समोर येते.

आधी सक्ती आली. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात १७१७ आणि १७६३ च्या फर्मानांनी मुलांना शाळेत पाठवणं बंधनकारक झालं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १८५२ मध्ये असा कायदा केला आणि १९१८ मध्ये मिसिसिपीनं केल्यावर तो तिथल्या सगळ्या राज्यांत पोहोचला. इंग्लंडमध्ये १८८० पासून हजेरी सक्तीची झाली. कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या असंख्य मुलांना या कायद्यांनी खरोखर वाचवलं आहे, आणि अनस्कूलिंगबद्दल लिहिताना हे विसरणं अन्याय्य ठरेल. पण सगळीकडची सक्ती एकाच गोष्टीची नव्हती. फ्रान्सच्या १८८२ च्या कायद्यानं शिक्षण सक्तीचं केलं आणि ते कुटुंबात देण्याची मुभा ठेवली. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्यानं पालकांवर टाकलेली जबाबदारी मुलाला शाळेत पाठवून ‘किंवा अन्य प्रकारे’ पार पाडता येत होती. जर्मनीत मात्र शाळेतली हजेरीच सक्तीची झाली आणि १९३८ च्या कायद्यानंतर घरी शिकवण्याची वाट जवळजवळ बंद झाली. आज एखाद्या कुटुंबाला मुलांना निवांतपणे घरी वाढवता येतं की देश सोडावा लागतो, हे पुष्कळदा या फरकावर ठरतं.

मूल आपल्या ओढीनं शिकतं हा विचार जुनाच आहे. विचारवंत रूसोनं तो १७६२ मध्ये मांडला, टॉलस्टॉयनं रशियात यास्नाया पोल्याना इथं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढून पाहिला आणि ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या समरहिल या शाळेत तासाला बसायचं की नाही हे मुलांवर सोडलं. हे प्रयोग मोठे होते, पण शेवटी ती शाळाच होती. शाळाच नको असं म्हणण्यापर्यंत गोष्ट यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

ती तिथवर आणली जॉन होल्ट यांनी. १९२३ मध्ये जन्मलेले होल्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या पाणबुडीवर होते, पुढे कोलोरॅडोत आणि मग बॉस्टनच्या परिसरात शिक्षक झाले. सहकारी बिल हल शिकवत असताना ते वर्गात बसून फक्त मुलांकडे पाहत आणि नोंदी करत. त्यांना दिसलं ते अस्वस्थ करणारं होतं. एका बाईंच्या वर्गात फळ्यावर नाम, विशेषण, क्रियापद असे रकाने आखलेले असत. शब्द कोणत्या रकान्यात जातो असं विचारलं की मुलं शब्दाकडे पाहतच नसत. ती बाईंकडे पाहत, कारण बाई नकळत बरोबर रकान्याकडे झुकत. काही मुलं उत्तर इतकं पुटपुटत सांगत की शिक्षकाला हवं ते त्याला ऐकू यावं. ही मुलं हुशारच होती, पण त्यांची हुशारी खर्च होत होती ती भीतीपासून सुटका करून घेण्यात. या नोंदींचं पुस्तक १९६४ मध्ये आलं आणि प्रचंड खपलं.

१९६७ च्या दुसऱ्या पुस्तकात होल्ट अगदी लहान मुलांकडे वळले. त्यातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. ते आपला चेलो (व्हायोलिनसारखं, पण मोठं वाद्य) वर्गात घेऊन जात आणि मुलांना हाताळू देत. मोठ्या माणसाच्या हाती नवं वाद्य दिलं की तो एकेक तार सावकाश वाजवून पाहील. मूल मात्र गज धरून जोरजोरात घासत सुटे, डावा हात तारांवर वरखाली पळवे आणि मनसोक्त आवाज काढे. पुष्कळ वेळ असं झाल्यावर कधीतरी ते थांबून एखाद्या आवाजाकडे लक्ष देई. होल्ट यांचं म्हणणं असं की या गोंधळातूनच मूल माहिती गोळा करत असतं आणि त्यातलं उपयोगी काय ते नंतर स्वतःच निवडतं. मध्ये पडून ‘असं धर’ म्हटलं की ते काम थांबतं. विचारलं तेवढंच सांगायचं, या सवयीचं मूळ इथं आहे.

तोवर होल्ट यांना शाळा सुधारतील अशी आशा होती. ती सत्तरच्या दशकात मावळली. १९७० मध्ये ते मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका इथं विचारवंत इव्हान इलिच यांच्या केंद्रात राहून आले. समाजानं शाळेच्या मक्तेदारीतून बाहेर पडावं अशी मांडणी इलिच यांनी १९७१ मध्ये केली. होल्ट यांचा अनुभवही त्याच दिशेचा होता: बहुसंख्य लोकांना शाळा बदलायलाच नको होत्या. मग ज्या थोड्या कुटुंबांना वेगळं हवं आहे त्यांना शाळेबाहेर मदत करावी, असं त्यांनी ठरवलं. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे छोटं नियतकालिक काढलं. अनस्कूलिंग हा शब्द रुळला तो त्याच सुमारास.

रोजच्या जगण्याचा इतिहास खऱ्या अर्थानं या नियतकालिकापासून सुरू होतो. होल्ट अविवाहित होते, त्यांना मुलं नव्हती. पावसाळी दुपारी तीन वर्षांचं आणि सात वर्षांचं मूल एकाच खोलीत कसं सांभाळायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, मूल आठ वर्षांचं झालं तरी वाचत नाही म्हणून रात्री झोप लागत नसेल तर काय करायचं, याची उत्तरं त्यांच्याकडे नव्हती. ती आली पालकांच्या पत्रांतून. अंक मुख्यतः या पत्रांनी भरलेला असे, आणि पत्रं लिहिणाऱ्यांत आया मोठ्या संख्येनं होत्या. कुणाचं मूल चौथ्या वर्षी वाचायला लागलं, कुणाचं नवव्या-दहाव्या, आणि उशिरा लागलेलं मूलही थोड्याच काळात हवी ती पुस्तकं वाचू लागलं, हे घरोघरच्या अनुभवातून जमत गेलं. अनस्कूलिंगचं श्रेय नेहमी होल्ट यांना दिलं जातं. माझ्या मते त्याची दैनंदिन रीत या आयांनी घडवली, आणि त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. होल्ट १९८५ मध्ये गेले, नियतकालिक २००१ पर्यंत चाललं.

वहीची सवय कायद्यानं लावली. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या जॉय बेकर यांनी १९५० च्या दशकात मुलांना शाळेत घालायला नकार दिला आणि सुमारे दहा वर्षं खटले झेलून १९६१ मध्ये जिंकल्या. पुढे १९७७ मध्ये तिथं पालकांनी ‘एज्युकेशन अदरवाइज’ ही संस्था काढली. तिचं नाव १९४४ च्या कायद्यातल्या शब्दांवरून घेतलेलं आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयानं घरी शिकवण्याचा हक्क मान्य केला, पण स्थानिक अधिकाऱ्यांनी मंजुरी द्यायची हेही कायम ठेवलं. म्हणजे घरात जे घडतं ते अधिकाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहून दाखवणं आलं. बागेत अळी शोधणं विज्ञान झालं, खेळातले गुण मोजणं गणित झालं. अनेक कुटुंबांत ही वही आधी केवळ पुरावा होती. नंतर ती पालकांच्याच उपयोगाची ठरली, कारण महिनाभर ‘काहीच झालं नाही’ असं वाटत असताना मागची पानं चाळली की किती काय झालं ते दिसतं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत घरी शिकवणाऱ्यांत धार्मिक कुटुंबांची संख्या झपाट्यानं वाढली. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी बाकं, धडे, परीक्षा सगळं होतं. विचारांनी दोन टोकांची ही माणसं कायद्यासाठी बरोबरीनं लढली आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. त्यात अनस्कूलिंग करणारे तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत.

संशोधकांचं लक्ष उशिरा गेलं. मानसशास्त्रज्ञ अॅलन थॉमस यांनी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या १०० कुटुंबांशी बोलून १९९८ मध्ये पुस्तक लिहिलं. वेळापत्रक आखून सुरुवात केलेली अनेक घरं हळूहळू सैल होत गेल्याचं त्यांना आढळलं. मूल ठरवून शिकवलेलं टाळत होतं, आणि इकडेतिकडे चाललेल्या गप्पांतून, सोबत काम करताना बरंच उचलत होतं. म्हणजे कित्येक पालक एखादा विचार वाचून अनस्कूलिंगकडे आले नाहीत, मुलांनीच त्यांना तिकडे ओढलं.

पीटर ग्रे आणि जिना रायली यांनी २०१३ मध्ये २३२ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. उत्तरं देणाऱ्या बहुतेक आयाच होत्या. सर्वांत अवघड काय, याचं उत्तर मुलांशी फारसं संबंधित नव्हतं: नातेवाइकांचा आणि समाजाचा दबाव, आणि स्वतःच्या मनातून न जाणारी शाळा. पुढच्या पाहणीत त्यांनी अशा रीतीनं वाढलेल्या ७५ प्रौढांना प्रश्न विचारले. बहुतेक जण समाधानी होते, पुष्कळ जण पुढे महाविद्यालयातही गेले, पण एकटेपणाची किंवा घरातल्या बिघडलेल्या वातावरणाची तक्रार करणारेही काही होते. उत्तरं देणारे आपणहून पुढे आलेले होते, त्यामुळे हे आकडे सगळ्यांना लागू करता येत नाहीत. तरी त्या तक्रारी मी महत्त्वाच्या मानते. घरातलं वातावरण बरं नसेल तर मुलाला जायला दुसरी जागा राहत नाही, आणि अनस्कूलिंगवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

अलीकडच्या काळात युरोपातले कायदे पुन्हा आवळले जात आहेत. स्वीडननं २०१० च्या कायद्यानं घरी शिकवणं जवळजवळ अशक्य केलं. जर्मनीची सक्ती मानवाधिकारांच्या युरोपीय न्यायालयानं २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ग्राह्य धरली. फ्रान्समध्ये पूर्वी पालकांनी नुसतं कळवलं की पुरे असे. सप्टेंबर २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडमध्येही शाळेत नसलेल्या मुलांची सक्तीची नोंदवही करण्याची तरतूद असलेलं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलं गेलं.