औद्योगिक भूखंडावरील माती व भूजल प्रदूषणाची तपासणी: अर्ज कोणी करावा, कागदपत्रे कोणती, नमुने कसे घेतले जातात

कारखाना बंद पडून यंत्रे भंगारात गेली आणि शेडही पाडले गेले, तरी जमिनीत मुरलेले रसायन तेथेच राहते आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे खाली उतरून आसपासच्या विहिरींपर्यंत पोहोचते. अशा जागेची तपासणी कोणी आणि किती दिवसांत करावी, हे ठरवून देणारे ‘पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५’ केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी अधिसूचित केले असून, त्यांचा आधार पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हा आहे.

या नियमांनुसार संशयित दूषित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यावयाची असते. त्यामुळे भूखंडाचा मालक किंवा भाडेपट्टाधारक नसलेल्या शेजारच्या शेतकऱ्याने किंवा रहिवाशानेही जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयास द्यावी. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलप्रदूषण आणि घनकचऱ्याचे डेपो यांसाठी स्वतंत्र कायदे असल्याने ते विषय या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

माहिती मिळाल्यावर राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते, आणि त्यात संशयाला आधार मिळाल्यास पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून ती जागा खरोखर दूषित आहे की नाही, हे निश्चित करावयाचे असते. त्यासाठी घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांतील १८९ रसायनांची पातळी पाहिली जाते. पातळी सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यास ती जागा जाहीर करून तेथील वावरावर निर्बंध घातले जातात.

अर्जासोबत सातबारा उतारा व फेरफार जोडावेत. जागा औद्योगिक वसाहतीतील असेल, तर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा भाडेपट्टा करार, हस्तांतरणाचे आदेश आणि मंजूर नकाशा यांच्या प्रती मिळवाव्यात. कारखान्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळालेली संमतिपत्रे, घातक कचऱ्याचे फॉर्म ४ मधील वार्षिक विवरणपत्र आणि कचरा वाहतुकीचे फॉर्म १० मधील मॅनिफेस्ट (वाहतुकीचे नोंदपत्र) हे कागद सर्वांत मोलाचे आहेत, कारण किती कचरा निर्माण झाला आणि किती बाहेर गेला, यांतील तफावत त्यांतूनच दिसते. हे कागद आपल्याकडे नसल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मागता येतात आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. पाण्याचा रंग किंवा वास कधी बदलला, कोणती पिके करपली, जनावरांना काय झाले, याची तारीखवार नोंद आणि छायाचित्रे जोडावीत. कामगारांनी सांगितलेली जुन्या टाक्यांची व खड्ड्यांची ठिकाणे हाताने काढलेल्या नकाशावर दाखवली, तरी पुढे नमुने कोठून घ्यावेत हे ठरवताना त्याचा मोठा उपयोग होतो.

नमुन्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण खरी प्रकरणे बहुधा येथेच कमकुवत होतात. आपण स्वतः बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिलेल्या पाण्याचा अहवाल अर्जाला बळ देतो, परंतु पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ११ खालील नमुन्याची जागा तो घेऊ शकत नाही. त्या कलमानुसार अधिकाऱ्याने भोगवटादारास, म्हणजे जागेचा ताबा असणाऱ्यास, नोटीस द्यावी, नमुना त्याच्या समक्ष घ्यावा, पात्रावर मोहोर लावून दोघांनी सही करावी आणि ते विनाविलंब मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावे, अन्यथा त्या पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. भोगवटादार मुद्दाम गैरहजर राहिल्यास अधिकारी एकट्याच्या सहीने मोहोरबंद नमुना पाठवू शकतो, त्यामुळे गैरहजेरीने तपास अडत नाही.

तांत्रिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा असून भूजल त्यातील भेगांमधून वाहते, त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दूरची दूषित, असेही घडू शकते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या खोल भेगा सांडलेल्या द्रवाला सरळ खाली उतरू देतात. भूजलाच्या प्रवाहाची दिशा ठरवण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरींतील पाणीपातळी लागते, आणि तुलनेसाठी प्रवाहाच्या वरच्या बाजूचा, प्रदूषण न पोहोचलेला नमुना घ्यावाच लागतो. विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून, सामू (पीएच) व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच नमुना भरतात. बाष्पशील, म्हणजे सहज उडून जाणाऱ्या, द्रावकांसाठी कुपीत हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत आणि ती बर्फात ठेवतात. धातूंचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांजवळ षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाची) तपासणी आग्रहाने मागावी; पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.

दूषितीकरणास जबाबदार कोण, हे मंडळाने ९० दिवसांत शोधावयाचे असते आणि सफाईचा खर्च त्या व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून वसूल होतो. ती सापडली नाही किंवा खर्च करण्यास असमर्थ असली, तर केंद्र व राज्य शासनाने व्यवस्था करावयाची असते. नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे. त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे, भरपाईचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून पाणी बिघडल्याचे प्रथम लक्षात आले ती तारीख लिहून ठेवावी आणि प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्यावी.