भट्टीसाठी घातलेलं फ्लोराइड

दाताच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो, तो लवंगेचा. लवंगतेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत कालवलं की तात्पुरतं सिमेंट तयार होतं. ठणकणाऱ्या दाताला त्यानं आराम पडतो, पण ते मऊ असतं, लवकर झिजतं. शिवाय त्या जागी पुढे कॉम्पोझिट, म्हणजे प्लास्टिकसारख्या रेझिनचं भरण, भरायचं असेल, तर उरलेलं युजेनॉल त्याला नीट घट्ट होऊ देत नाही. कॅप बसवायला शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात असलेलं झिंक फॉस्फेट बरंच मजबूत. मात्र ते दाताशी रासायनिक नातं जोडत नाही, खाचाखोचांत अडकून बसतं.

खरी मजा ग्लास आयोनोमरची. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय असो की धरमपेठेतला एखादा खाजगी दवाखाना, ‘दाताच्या रंगाचं सिमेंट भरू’ असं डॉक्टर म्हणाले, तर ते हेच असण्याची शक्यता मोठी. यातली भुकटी म्हणजे दळलेली काच. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि कॅल्शियम फ्लोराइड हजार अंशांच्या वर वितळवून ती बनवतात. फ्लोराइड त्यात आलं ते भट्टीच्या सोयीसाठी, कारण त्यामुळे काच कमी तापमानाला वितळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सिलिकेट सिमेंटमध्येही अशीच काच होती. ते सिमेंट तसं विरघळायचं, पण त्याच्या कडेनं दात पुन्हा फारसा किडत नाही, हे दंतवैद्यांच्या लक्षात आलं. काचेतून फ्लोराइड झिरपत होतं.

1960 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी तशाच काचेला सिलिकेट सिमेंटमधल्या फॉस्फोरिक आम्लाऐवजी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाची जोड दिली. हे आम्ल काचेच्या कणांचा पृष्ठभाग खातं. आधी कॅल्शियमचे, मग सावकाश अ‍ॅल्युमिनियमचे आयन बाहेर पडतात आणि आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतात. याच साखळ्यांचे आम्लधर्मी ‘हात’, म्हणजे कार्बॉक्सिल गट, दातातल्या कॅल्शियमलाही धरतात, म्हणून दात फार कोरावा लागत नाही.

मिश्रण तयार होताना जवळून पाहिलं तर त्यावर ओली चमक दिसते. ती आहे तोवरच ते दातात जायला हवं. चमक गेली म्हणजे मोकळे कार्बॉक्सिल गट संपत आले, मग चिकटणं कमजोर. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ही वेळ चटकन सरते, कारण उष्णतेनं प्रक्रिया वेग घेते. त्यावर उपाय म्हणजे मिश्रण गार काचपट्टीवर कालवायचं. उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे तो चालून जातो. जुलैच्या दमट हवेत फार गार पट्टीवर दव धरतं आणि भुकटी-द्रवाचं प्रमाण बिघडतं.

फ्लोराइडचं सुटणं पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक, नंतर थोडं थोडं, पण वर्षानुवर्षं. फ्लोराइड या जाळ्याचा आधार नसल्यानं ते निघून गेलं तरी सिमेंट खचत नाही. उलट फ्लोराइडयुक्त टूथपेस्टमधून ते काही प्रमाणात परत भरून घेतं. दाताच्या वरच्या कडक थरातल्या, म्हणजे एनॅमलमधल्या, खनिजात फ्लोराइड शिरलं की ते आम्लाला जास्त दाद देत नाही: साधं एनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागतं, फ्लोराइड शिरून बनणारं फ्लोरअ‍ॅपेटाइट 4.5 च्या आसपास.

चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दातांवर डाग पडतात, म्हणून कुणी या सिमेंटला बिचकत असेल तर ती भीती अनाठायी आहे. डाग पडतात ते लहानपणी, हिरडीखाली दात घडत असताना, पोटात जाणाऱ्या फ्लोराइडनं. सिमेंटमधून सुटतं ते त्या मानानं नगण्य. पण त्याच कारणानं ‘आता हा दात किडणारच नाही’ हा दावाही मला अतिरेकी वाटतो. प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजता येतं. तोंडात त्यानं कीड नेमकी किती टळते, यावर अभ्यासांचं एकमत नाही.

तरीही 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ग्लास आयोनोमरला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हातानं कीड काढून, ड्रिल आणि विजेविना ते भरता येतं, हे त्यामागचं मोठं बळ.

कच्ची बाजू ठिसूळपणाची. पहिल्या काही मिनिटांत घट्ट झालं तरी पक्कं व्हायला दिवसभर लागतो; तोवर लाळ लागू नये आणि ते सुकून तडकूही नये म्हणून वर व्हॅसलीन किंवा वार्निश फासतात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, चघळणाऱ्याच्या दाढेत तर दिवसभर सुपारीचं दळण चालू असतं. तिथे डॉक्टर कॉम्पोझिट किंवा कॅप सुचवतात, ते बिल वाढवायलाच असं नाही.